स्ट्रॉम्बोलीचा ट्रेक : पुण्यातून निघण्यापूर्वी आणि बेटावर पोहोचल्यावर कोणत्या क्रमाने काय करावे

सिसिलीच्या उत्तरेस असलेल्या एओलियन द्वीपसमूहातील स्ट्रॉम्बोली हे जेमतेम साडेबारा चौरस किलोमीटरचे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक जिवंत ज्वालामुखी आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ९२४ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्यापेक्षाही कमी. हा आकडा वाचून पुण्यातील अनेक ट्रेकर निर्धास्त होतात आणि तयारीचा क्रम चुकवतात. विमानाचे तिकीट आधी काढले जाते, व्हिसा त्यानंतर येतो, चालण्याचा सराव शेवटच्या महिन्यात होतो आणि वर जाण्याच्या परवानगीची चौकशी बेटावर उतरल्यावर केली जाते. तेथे समजते की त्या आठवड्यात वाट बंद आहे किंवा गाइडच्या गटात जागा शिल्लक नाही. ज्याचा सह्याद्रीत दोन-दोन दिवस चालूनही दम टिकतो, त्याला गावातील चौकात बसून धूर पाहावा लागतो.

या बेटावर किती उंच जाता येईल हे पायांतील ताकदीवर ठरत नाही. ते आधी ज्वालामुखीची स्थिती, मग प्रशासनाचा आदेश, मग समुद्र आणि शेवटी वारा ठरवतो. आपली तयारीही त्याच क्रमाने व्हायला हवी. पुढील टप्पे त्या क्रमाने दिले आहेत आणि त्यांतील पहिले तीन मागेपुढे करू नयेत.

टप्पा १ : ज्वालामुखीची स्थिती आणि उंचीची मर्यादा

स्ट्रॉम्बोलीची विवरे शिखराच्या थोडी खाली, साधारण ७५० मीटर उंचीवर आहेत. सामान्य दिवशी तेथे दहा ते वीस मिनिटांच्या अंतराने लहान स्फोट होत राहतात आणि ते पाहण्यासाठीच लोक येतात. मात्र अधूनमधून त्याच विवरांतून कित्येक पटींनी मोठा स्फोट होतो. ३ जुलै २०१९ च्या अशाच स्फोटात एका पदभ्रमण करणाऱ्याचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी २८ ऑगस्टला पुन्हा तसाच स्फोट झाला. तेव्हापासून शिखराची वाट सामान्य प्रवाशांसाठी बंद आहे. शिखरावर उभे राहून विवरात डोकावणाऱ्या लोकांची जी छायाचित्रे अजूनही फिरत असतात ती त्याआधीची आहेत. ती पाहून बेत आखू नये.

त्यानंतरच्या वर्षांत रूढ झालेली मर्यादा अशी आहे की गाइडशिवाय २९० मीटरपर्यंत आणि परवानाधारक गाइडसोबत ४०० मीटरपर्यंत जाता येते. ही मर्यादा कायमची नाही. २०२४ च्या जुलै महिन्यात ज्वालामुखी अधिक सक्रिय झाला तेव्हा धोक्याचा इशारा लाल रंगापर्यंत गेला होता आणि नियम तातडीने बदलले होते. इटलीच्या नागरी संरक्षण विभागाचे इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत असतात. वाट उघडण्याचे किंवा बंद करण्याचे आदेश शेजारच्या लिपारी बेटावरील नगरपालिकेकडून निघतात, कारण स्ट्रॉम्बोली प्रशासकीयदृष्ट्या लिपारीचाच भाग आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे सध्याचा रंग आणि सध्याची उंचीची मर्यादा या दोन गोष्टी शोधून लिहून ठेवणे. बेटावरील गाइडच्या कार्यालयाला साधा ईमेल केला तरी हे कळते. आदेश इटालियन भाषेत असला तर फोनवरील भाषांतरावर समाधान मानू नये, कारण आदेशातील ‘शिवाय’ आणि ‘सोबत’ यांची अदलाबदल झाली तर सगळाच अर्थ उलटतो.

*इशारा :* चौकशी तीनदा करावी. एकदा बेत ठरवताना, एकदा निघण्याच्या आठवड्यात आणि एकदा बेटावर उतरताच. पहिल्या चौकशीचे उत्तर तिसऱ्या वेळी लागू राहील असे गृहीत धरू नये.

टप्पा २ : ऋतू आणि मुक्कामाच्या रात्री

आपल्याकडे ट्रेकिंगचा हंगाम पावसाळ्यात बहरतो. तेथे पावसाळा हिवाळ्याला जोडून येतो. एप्रिल ते ऑक्टोबर हा चालण्याचा काळ असून त्यातही मे, जून आणि सप्टेंबर हे महिने मी निवडेन. जुलै-ऑगस्टमध्ये काळी राख तापते, वाटेवर सावली फारशी नसते आणि बेटावर गर्दी असते. मे २०२२ मध्ये बेटावरील झुडपे मोठ्या वणव्यात जळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमधील जोरदार पावसात उघड्या उतारांवरचा चिखल व दगड गावात वाहून आले. त्यामुळे एखाद्या दिवशी मुसळधार पाऊस झाला असेल तर दुसऱ्या दिवशी ओहोळांच्या मार्गातून चालू नये. पावसानंतरचा धबधबा शोधत ओढ्यात शिरण्याची आपली सवय येथे महागात पडते.

मुक्कामाच्या रात्री किती ठेवाव्यात यावर बहुतेकांचे गणित चुकते. ट्रेकला एक संध्याकाळ लागते म्हणून एकच रात्र ठेवली जाते. त्या संध्याकाळी ढग विवरावर बसले, वाऱ्याने ज्वालामुखीचा वायू वाटेवर आणला किंवा गट रद्द झाला तर दुसरी संधी मिळत नाही. बेटावर किमान तीन रात्री ठेवाव्यात. त्याखेरीज परतीच्या विमानाआधीची एक रात्र सिसिलीच्या मुख्य भूमीवर, मिलाझ्झो किंवा कतानिया येथे काढावी. समुद्र खवळला की हायड्रोफॉइल, म्हणजे बेटांवर नेणाऱ्या वेगवान प्रवासी बोटी, बंद होतात आणि त्यानंतर बेटावरून निघण्याचा कोणताही रस्ता उरत नाही.

टप्पा ३ : गाइड, व्हिसा आणि तिकिटे

गाइडच्या गटातील जागा आधी नक्की करावी. गट लहान असतात, हंगामात जागा लवकर भरतात आणि मुक्कामाच्या पहिल्या शक्य संध्याकाळी जागा घेतली तरच पुढील संध्याकाळी राखीव राहतात. नोंदणी करताना चार गोष्टी विचाराव्यात : आदेश बदलल्यास पैसे परत मिळतात का, हेल्मेट आणि बूट भाड्याने मिळतात का, गाइड इंग्रजीत बोलतो का आणि गटाची सर्वांत कमी वयोमर्यादा काय आहे.

मग व्हिसा. इटलीसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक, व्हिसा लागतो. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस अर्ज करता येतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि चूक नेमकी येथे होते. व्हिसासाठी घेतलेल्या स्वस्त पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीतील वगळलेल्या बाबींची यादी वाचावी आणि ४०० मीटर उंचीवरील मार्गदर्शित चाल तीत बसते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. एजंटाने तोंडी सांगितलेले ‘सगळं कव्हर होतं’ हे उत्तर नव्हे.

विमान शेवटी. पुण्याहून कतानियाला थेट विमान नाही. मुंबईमार्गे किंवा एखाद्या आखाती शहरामार्गे एक-दोन बदल करून जावे लागते. कतानियाच्या शेजारीच एटना हा दुसरा जागा ज्वालामुखी आहे आणि त्याची राख उडाली की विमानतळ काही तासांसाठी किंवा दिवसासाठी बंद होऊ शकतो. पोहोचण्याच्या दिवशीच हायड्रोफॉइल पकडण्याचा बेत म्हणूनच करू नये. कतानियाहून बसने सुमारे दोन तासांत मिलाझ्झो बंदर गाठता येते. तेथे रात्र काढून सकाळच्या नौकेने निघणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे. नेपल्सहूनही रात्रीचे जहाज येते, पण ते रोज नसते.

*तपासणी :* या टप्प्याच्या शेवटी हातात चार गोष्टी असाव्यात. गाइडचे नोंदणीपत्र, विम्याचे लेखी उत्तर, बेटावरील तीन रात्रींचे आरक्षण आणि मुख्य भूमीवरील एका रात्रीचे आरक्षण. यांपैकी एक जरी नसेल तरी विमानाचे तिकीट काढू नये.

टप्पा ४ : सह्याद्रीत सराव कशाचा करावा

दमासाठी वेगळा सराव लागतोच असे नाही. आतकरवाडीतून सिंहगड ज्याला न थांबता चढता येतो, त्याला ४०० मीटरची चढण श्वासाच्या दृष्टीने सोपी जाते, कारण सिंहगडाची चढण त्याहून जास्त आहे. सराव करायचा तो पायाखालच्या जमिनीचा आणि अंधाराचा.

आपला कातळ लाव्हाचाच असला तरी तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला, घट्ट बसलेला आहे. स्ट्रॉम्बोलीवरचा उतार मात्र ताज्या राखेचा आणि सच्छिद्र, टोकदार खड्यांचा आहे. त्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे उन्हाळ्यातला घसारा, म्हणजे सुट्या मातीचा व खड्यांचा निसरडा उतार. एप्रिल-मे महिन्यांत वेल्ह्याहून तोरण्याला जाणाऱ्या वाटेवर किंवा घसाऱ्याच्या अन्य कोणत्याही परिचित वाटेवर काही वेळा उतरून पाहावे. उतरताना टाच आधी रोवावी, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, पाय सरकू द्यावा आणि सरकण्याला विरोध करू नये. जो पाय ताठ ठेवून प्रत्येक पावलावर ब्रेक लावतो तो दोन तासांत मांड्या थकवून घेतो आणि शेवटी बुडावर बसतो.

दुसरा सराव हेडटॉर्चच्या उजेडातील उतरणीचा. पहाटे अंधारात चढणारे पुष्कळ असतात, पण त्यांची उतरण उजेडात होते. स्ट्रॉम्बोलीवर हे उलटे असते : उजेडात चढायचे आणि अंधार पडल्यावर उतरायचे. एखाद्या जाणत्या गटाबरोबर ओळखीच्या डोंगरावर सूर्यास्तानंतर उतरण्याचा सराव केल्याशिवाय जाऊ नये. ज्या गडांवर रात्री थांबण्यास मनाई आहे तेथे हा सराव करू नये, हे वेगळे सांगायला नको.

सरावाचे बूट आणि प्रवासाचे बूट एकच असावेत. घोटा झाकणारे, जाड तळव्याचे आणि किमान दोन-तीन दीर्घ चालींत पायाला बसलेले बूट न्यावेत. नवे बूट विमानात घालून निघण्याचा मोह पुण्यातील चांगल्या ट्रेकरांनाही होतो.

टप्पा ५ : पाठीवरची पिशवी

ट्रेकच्या संध्याकाळसाठी पिशवीत दोन लिटर पाणी, ताज्या बॅटरीची हेडटॉर्च आणि तिच्याखेरीज एक लहान टॉर्च, वाऱ्याला अडवणारे जाकीट, घाम आल्यावर बदलायला कोरडा टी-शर्ट, धूळ रोखणारा मास्क, डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा आणि थोडे खाणे असावे. हेल्मेट गाइडकडे मिळते. ते स्वतः नेण्याची गरज नाही.

यांतील प्रत्येक वस्तूमागे कारण आहे, पण डोळ्यांचा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावून वर जाऊ नये. तेथील राख ही लाकडाची राख नसून काचेचे सूक्ष्म तुकडे असतात. वाऱ्याच्या एका झोतात त्यांतील कण लेन्सखाली गेला की तेथे लेन्स काढायला ना आरसा असतो ना स्वच्छ हात. नंबरचा चष्मा वापरावा आणि त्यावर बसणारा पारदर्शक गॉगल मिळाला तर तोही न्यावा.

ज्यांना दमा आहे त्यांनी इनहेलर खिशात ठेवावा, पिशवीच्या तळाशी नव्हे. वाऱ्याने वायू वाटेवर आला तर घसा खवखवतो आणि निरोगी माणसालाही खोकला येतो. हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वरच्या टप्प्याचा विचार करू नये.

जीन्स, सुती मोजे आणि ड्रोन घरी ठेवावेत.

टप्पा ६ : बेटावरचा पहिला दिवस

हायड्रोफॉइलमध्ये बसण्याआधी तासभर उलटीची गोळी घ्यावी, कारण लाटेवर ती होडी पुढे-मागे नव्हे तर वर-खाली आपटते. वाटेत व्हुल्कानो, लिपारी अशी बेटे लागतात. थांबे किती आहेत यावर प्रवासाचा वेळ ठरतो. उतरण्याचे बंदर स्कारी हे आहे. जिनोस्त्रा हे बेटाच्या दुसऱ्या बाजूचे स्वतंत्र गाव आहे आणि दोन्ही गावांमध्ये रस्ता नाही. चुकून तेथे उतरलेल्या प्रवाशाला पुढील नौकेची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

गावातील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की सामान वाहून नेण्याचे काम तीनचाकी आपे गाड्या करतात. बारामतीत तयार होणाऱ्या आपेची ही मूळची भावंडे. चाकांची मोठी बॅग घेऊन चढणीवर हिंडण्यापेक्षा मुक्कामाच्या मालकाला आधी कळवून आपे मागवावी. बेटावर एटीएम मोजकेच असल्याने रोख युरो सिसिलीतूनच आणावेत. दुपारी दुकाने बंद होतात, याचे पुणेकरांना नवल वाटू नये. पाणी, फळे आणि ब्रेड सकाळीच घेऊन ठेवावेत. शाकाहारी माणसाची टोमॅटो, वांगी, चीज, पास्ता यांवर चांगली सोय होते, मात्र पास्त्यावर मासळी नको हे स्पष्ट सांगावे लागते.

पहिल्या संध्याकाळी वर जाऊ नये. हा वेळ तीन कामांसाठी आहे. गाइडच्या कार्यालयात स्वतः जाऊन आदेशाची तिसरी चौकशी करावी, हेल्मेट आणि बूट मापून घ्यावेत, आणि उरलेल्या उजेडात गावातील सुटकेचे मार्ग पायी पाहून घ्यावेत.

टप्पा ७ : वर जाण्याआधी पाठ असायला हव्यात अशा गोष्टी

हा भाग पुष्कळ मार्गदर्शनांत शेवटी येतो आणि म्हणून वाचला जात नाही. तो येथेच हवा, कारण यातील गोष्टी घडल्यावर वाचायला वेळ मिळत नाही.

बेटाच्या वायव्येला शिआरा देल फुओको नावाचा प्रचंड घसरडा उतार आहे. विवरांतून पडणारे तापलेले दगड त्यावरून थेट समुद्रात जातात. ३० डिसेंबर २००२ रोजी या उताराचा मोठा भाग समुद्रात कोसळला आणि त्याने उठलेल्या लाटांचे पाणी किनाऱ्यावर काही ठिकाणी सुमारे दहा मीटर उंचीपर्यंत चढले. लाट गावापर्यंत यायला काही मिनिटेच लागतात. त्यामुळे किनाऱ्यावर असताना भोंगा ऐकू आला, समुद्र अचानक मागे हटला किंवा मोठ्या स्फोटाबरोबर जमीन हादरली तर सामान न उचलता, कोणाला फोन न करता, फलकांनी दाखवलेल्या वाटेने उंचावर जावे. पहिली लाट ओसरली म्हणून खाली येऊ नये.

गावात असताना राख किंवा हलके सच्छिद्र दगड पडू लागले तर पक्क्या छताखाली जावे, खिडक्या बंद कराव्यात, नाकातोंडावर मास्क धरावा. छतावरची राख साफ करायला स्वतः चढू नये.

उतारावर असताना दगड उडाले तर पाठ फिरवून पळण्याची स्वाभाविक ऊर्मी होते. ती आवरावी. वर पाहावे, आपल्याकडे येणारा दगड कोणता हे ओळखावे आणि शेवटच्या क्षणी बाजूला सरकावे किंवा जवळच्या मोठ्या खडकाच्या आडोशाला बसून डोके व मान पिशवीने झाकावी. गाइड सोबत असेल तर त्याच्या शब्दाबाहेर काहीही करू नये. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

वायूबाबत दोन नियम आहेत. तिखट, गंधकासारखा वास वाढला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे. कार्बन डायऑक्साइडला वास नसतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खळग्यांत साचतो; म्हणून विश्रांतीसाठी कधीही खड्ड्यात, नाल्यात किंवा खोलगट जागेत बसू नये. शेजारच्या व्हुल्कानो बेटावर २०२१ मध्ये वायूंचे प्रमाण वाढल्याने मोठ्या विवराची वाट बंद करावी लागली होती.

*तपासणी :* गटातील प्रत्येकाला विचारावे की आपण किनाऱ्यावर असताना भोंगा वाजला तर कोणत्या गल्लीने जायचे. ज्याला सांगता येत नाही त्याला ती गल्ली पुन्हा चालवून दाखवावी.

टप्पा ८ : २९० मीटरपर्यंतची वाट

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ही वाट करावी, मग तिसऱ्या संध्याकाळी गाइडसोबतची. पाय आणि डोळे जमिनीला सरावतात, आणि हवामानाने तिसरा दिवस खाल्ला तरी स्फोट पाहून झालेले असतात. गाइडच्या गटात मिळालेली जागा दुसऱ्याच दिवशीची असेल तर अर्थातच आधी ती घ्यावी.

पिशिता या वाडीच्या टोकापासून जुनी दगडी वाट पुंता लाब्रोंझोकडे चढते आणि तेथून पुढे शिआराच्या कडेवरील निरीक्षणाच्या जागेपर्यंत जाते. वाट ठळक आहे. फाटे फुटतात तेथे मनाई असेल तर फलक असतात. मनाईच्या फलकामागे पायवाट दिसली म्हणून तिकडे वळू नये. गडावर बंद दरवाज्याला वळसा घालून चोरवाट शोधण्याचे जे कौतुक आपल्याकडे असते ते येथे पूर्ण गैरलागू आहे, शिवाय दंडही होतो.

निघण्याची वेळ सूर्यास्तावरून मोजावी. जूनमध्ये सूर्य रात्री आठनंतर मावळतो, तर ऑक्टोबरमध्ये साडेसहाच्या आसपास, त्यामुळे घड्याळातील ठरलेली वेळ पाठ करून उपयोग नाही. सूर्यास्ताआधी दोन तास निघावे. वर पोहोचल्यावर कठड्याच्या किंवा कडेच्या बाहेर पाय टाकू नये. शिआराची कड आतून पोकळ आणि सुटी असते.

पोहोचताच स्फोट दिसेल अशी अपेक्षा धरू नये. दोन स्फोटांमध्ये वीस मिनिटे गेली की लोक कंटाळून उठतात आणि पाठमोरे असतानाच पुढचा होतो. आधी लाल कारंजे दिसते, आवाज मागाहून येतो. मग उतारावरून गडगडत जाणाऱ्या दगडांचा खडखडाट समुद्रापर्यंत ऐकू येतो. किमान तासभर बसण्याची तयारी ठेवावी. घामेजलेला टी-शर्ट बदलावा आणि जाकीट घालावे, नाहीतर वाऱ्याने दहा मिनिटांत हुडहुडी भरते.

*इशारा :* सिगारेट, शेगडी, मेणबत्ती काहीही पेटवू नये. बेटावरची झुडपे २०२२ च्या वणव्यातून अजून सावरत आहेत.

टप्पा ९ : गाइडसोबत ४०० मीटर

ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी कार्यालयात हजर राहावे. गाइड बूट तपासतो. गुळगुळीत तळव्याचे किंवा घोट्याखालचे बूट असतील तर भाड्याचे घ्यावे लागतात. त्यावर वाद घालू नये.

चढताना गटाची चाल ठरावीक आणि संथ असते. पुण्यातील सवयीचा ट्रेकर येथे अस्वस्थ होतो, पुढच्याच्या टाचेला चिकटतो आणि धूळ खातो. पुढच्या माणसापासून दोन-तीन पावलांचे अंतर ठेवावे. पाय वाटेच्या मधोमध टाकावा, कारण कडेचे खडे सुटले की खालच्या वळणावर असलेल्या माणसाच्या डोक्यावर जातात. खडा सुटलाच तर आपल्याकडे ‘दगड!’ असे ओरडतात; गाइड जो शब्द सांगेल तो निघण्याआधी पाठ करून ठेवावा आणि आवाज ऐकू येताच वर न पाहता डोके खाली घालून डोंगराच्या अंगाला चिकटावे. स्फोटातून उडालेल्या दगडाबाबत वर पाहायचे आणि वाटेवरून गडगडणाऱ्या दगडाबाबत नाही, हा फरक नीट ध्यानात ठेवावा.

पाणी घोटघोट, दर पंधरा-वीस मिनिटांनी प्यावे. वाटेत पाणी मिळत नाही. टाकी, झरा, टपरी यांपैकी काहीही नाही.

वर गाइड जेवढा वेळ देईल तेवढाच थांबावा. वारा फिरला आणि त्याने लवकर उतरायला सांगितले तर एका फोटोसाठी रेंगाळू नये. फोटो काढायचा असेल तर फोन दगडावर टेकवून ठेवावा आणि स्फोटाची वाट न पाहता व्हिडिओ सुरू करावा. नाहीतर प्रत्येक स्फोटाला खिशातून फोन काढण्यातच वेळ जातो. हेडटॉर्च विझवावी, कारण एका माणसाच्या दिव्याने सगळ्यांचे डोळे दिपतात.

टप्पा १० : अंधारातील उतरण

बहुतेक दुखापती येथे होतात. ज्यासाठी आलो ते पाहून झालेले असते आणि मन गावातल्या जेवणाकडे गेलेले असते. उतरण्याआधी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधाव्यात, घोट्यापाशी घट्ट, म्हणजे बोटे टोकाला आपटत नाहीत. हेडटॉर्चचा झोत पायापुढे दीड-दोन मीटरवर ठेवावा. पुढच्याच्या पाठीवर नव्हे. वाळूचा उतार लागला तर टाच रोवत, लहान पावलांनी, टप्पा ४ मधील पद्धतीने उतरावे.

बुटात खडे गेले तर सहन करत राहू नये, गाइडला सांगून कडेला थांबावे. हे खडे नदीच्या वाळूसारखे गोल नसतात, कोपरे असलेले असतात. मोज्याच्या विणीत एक अडकला तरी पाव तासात टाचेची साल निघते. मुक्कामी पोहोचल्यावर बूट दाराबाहेर काढावेत, मोजे उलटे करून झटकावेत आणि डोळे न चोळता आधी तोंड पाण्याने धुवावे. बेटावर पाणी मर्यादित असते, म्हणून बूट नळाखाली धरू नयेत. कोरडा ब्रश पुरतो.

टप्पा ११ : वाट बंद असेल तर, आणि उरलेल्या दिवशी

आदेशाने वरची वाट बंद असली तरी संध्याकाळी शिआरासमोर नेणाऱ्या बोटी बहुतेक वेळा चालू असतात आणि तिथून दिसणारे स्फोट कमी प्रतीचे नसतात. बोट किनाऱ्यापासून ठरलेल्या अंतरावर थांबते. नावाड्याला जवळ नेण्याचा आग्रह करू नये. २०१९ च्या स्फोटांत तापलेल्या राखेचे लोट समुद्राच्या पृष्ठभागावरूनही पुढे गेले होते.

उरलेल्या दिवशी जिनोस्त्राला नौकेने जाऊन परत येता येते, पण परतीची शेवटची नौका आधी विचारूनच. लिपारीहून व्हुल्कानोला जायचे असल्यास तेथील विवराची वाटही टप्पा १ प्रमाणे आधी तपासावी. वाफ सोडणाऱ्या भेगांजवळ वाकून फोटो काढू नये; काही ठिकाणी त्या वायूचे तापमान उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

हेच सर्व भारतात अंदमानच्या बॅरन बेटावर करता येईल का, असे वारंवार विचारले जाते. नाही. तो भारतातील एकमेव जागा ज्वालामुखी असला तरी पर्यटकांना तेथे उतरता येत नाही, बोटीतून पाहता येते.

परतीच्या आदल्या संध्याकाळी स्कारी बंदरावरील तिकीट खिडकीवर दुसऱ्या दिवशीच्या समुद्राबद्दल विचारावे. रद्द होण्याची शक्यता सांगितली गेली तर दुपारच्या नौकेची वाट न पाहता सकाळची पहिली घ्यावी, आणि हायड्रोफॉइल बंद झाल्यास मोठे जहाज केव्हा आहे याची वेळ लिहून घ्यावी. मोठी जहाजे अधिक लाटेत चालतात, पण तीही रोज प्रत्येक वेळी नसतात.